ट्रॅक्टरच्या टेपला लॉगिन नसतं

गळीत हंगाम सुरू झाला की सांगलीभोवतीच्या कारखान्यांच्या वाटेवर रात्रभर उसाच्या गाड्या असतात आणि प्रत्येक ट्रॅक्टरवर गाणं लागलेलं असतं. नंबर लागेपर्यंत कधी कधी अख्खी रात्र जाते, तेव्हा सोबतीला तेवढंच. कॅसेट जाऊन जमाना झाला तरी त्या यंत्राला सगळे टेपच म्हणतात. टेपच्या तोंडात एक पेन ड्राइव्ह खुपसलेला असतो आणि त्यातलं एकही गाणं रीतसर घेतलेलं नसतं. पण त्याच ड्रायव्हरने खिशात पाचशेची नोट घेऊन “ही गाणी मला पावतीवर द्या” म्हणत गणपती पेठ ते स्टेशन चौक पालथं घातलं, तरी त्याला ती कुणी विकणार नाही. विकायलाच नाहीत.

पायरसीचा विषय निघाला की लोक किमतीपासून सुरुवात करतात: महाग आहे म्हणून चोरतात, नाहीतर आपल्या लोकांना फुकटाची सवयच लागलीय. दोन्हींत थोडं थोडं तथ्य आहे. पण मेमरी कार्डात गाणी भरून देणाऱ्या दुकानात गिऱ्हाईक पन्नास-शंभर रुपये मोजतंच की. म्हणजे पैसे सुटतात. ते गाणाऱ्यापर्यंत आणि लिहिणाऱ्यापर्यंत पोचत नाहीत, एवढंच. हे पैसे दुकानदाराला का मिळतात, हे समजून घ्यायचं तर तो नेमकं काय विकतो ते बघावं लागतं.

तो फाइल विकतो. १२८ केबीपीएसची (सेकंदाला १२८ किलोबिट) एमपी३, पाच मिनिटांचं गाणं जेमतेम ४.८ एमबी. १६ जीबीच्या पेन ड्राइव्हमध्ये अशी तीन हजारांवर गाणी बसतात, म्हणजे अडीचशे-पावणेतीनशे तास. हंगामभर पुरतील. रेंज लागत नाही, रिचार्ज लागत नाही, फोन अडकून पडत नाही. उलट गाण्यांच्या ॲपमध्ये पैसे भरून ‘डाउनलोड’ केलेलं गाणं हे कुलूपबंद डबोलं असतं. ते त्याच ॲपमध्ये, त्याच फोनवर वाजतं. पेन ड्राइव्हवर जात नाही आणि वर्गणी संपली की गप्प होतं. ब्लूटूथने फोन टेपला जोडता येतो, पण मग मुकादमाचा फोन आला की गाणं बंद, आणि पहाटे बॅटरी संपली की दोन्ही बंद.

दुकानदाराचा मालही काही फार चांगला नसतो. तक्रारी ठरलेल्या असतात आणि कारणंही ठरलेली. ‘पेन ड्राइव्ह घेतच नाही’ याचं कारण बहुतेक वेळा फॉरमॅट, म्हणजे फाइली मांडून ठेवायची पद्धत, असतो. साध्या टेपला फॅट३२ लागतं, तर ६४ जीबीचा नवा पेन ड्राइव्ह एक्सफॅट किंवा एनटीएफएसमध्ये असतो, आणि विंडोजची नेहमीची फॉरमॅटची खिडकी ३२ जीबीच्या वर फॅट३२ देत नसे. म्हणून १६ किंवा ३२ जीबीचाच घ्यावा. ‘गाणी उलटसुलट लागतात’ याचं कारण असं की पुष्कळ टेप नावं वाचतच नाहीत. फाइली ज्या क्रमाने कॉपी झाल्या त्या क्रमाने वाजवतात. काही गाणी नुसतीच पुढे सरकतात, कारण ती एम४ए या दुसऱ्याच प्रकारची असतात आणि टेपला वाजवता येत नाहीत. फाइलचं शेपूट बदलून एमपी३ लिहिलं म्हणून ती एमपी३ होत नाही. आणि ‘३२० क्वालिटी’ म्हणून जे देतात ते बहुधा यूट्यूबवरून उतरवलेल्या दाबलेल्या आवाजाला पुन्हा ३२० मध्ये फुगवलेलं असतं. फाइल १२ एमबीची होते, आवाज तोच राहतो, उलट थोडा बिघडतोच. मोबाईलच्या स्पीकरवर हे कळत नाही. ट्रॅक्टरवर दोन मोठे स्पीकर बांधले की झांजा आणि टाळ चरचरायला लागतात.

एवढं असूनही लोक तेच घेतात, कारण वस्तू त्यांच्या यंत्राला बसते. याची उलटी बाजू २०१७ मध्ये दिसली. सारेगामाने ‘कारवां’ नावाचा, गाणी आधीच भरलेला रेडिओसारखा डबा पाच-सहा हजारांना काढला आणि तो खपला. पुढे मराठी गाण्यांचाही आला. ना नेट, ना लॉगिन, बटण फिरवलं की गाणं. त्यातली जवळपास सगळी गाणी नेटवर फुकट पडलेली होती, तरी लोकांनी आईवडिलांसाठी पैसे मोजले. फुकटाची सवय लागलेल्यांनीच मोजले.

धनगरी ओव्या, भजनी मंडळांच्या बाऱ्या, गावोगावचे वगनाट्याचे फड यांची गोष्ट तर आणखी वेगळी. हे सगळं छोट्या कंपन्यांच्या कॅसेटांवर निघालं. कंपन्या बंद पडल्या आणि हक्क कुणाकडे आहेत हे विचारायलाही दार उरलं नाही. आज जे ऐकायला मिळतं ते कुणीतरी जुन्या कॅसेटवरून चढवलेलं. इथे किमतीचा प्रश्नच येत नाही.

सिनेमाचं गणित डेटापासून सुरू होतं. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला हे खरं, पण खेड्यात घरचं वायफाय अजून सगळीकडे नाही. दिवसाला दीड जीबीचा रिचार्ज असतो आणि टीव्हीला मोबाईलचा हॉटस्पॉट जोडलेला असतो. नेटफ्लिक्सच्याच हिशेबाप्रमाणे साध्या दर्जाला तासाला ०.७ जीबीपर्यंत डेटा जातो. अडीच तासांचा सिनेमा म्हणजे पावणेदोन जीबी. दीड जीबी सव्वादोन तासांच्या आत संपतो आणि वेग ६४ केबीपीएसवर येतो. सिनेमा नेमका शेवटाला येऊन गोल गोल फिरत बसतो. याउलट ७०० एमबीची चोरीची फाइल वाड्यातला एकजण एकदा उतरवतो आणि मग ती एका फोनवरून दुसऱ्यावर शून्य डेटात जाते. त्यासाठी पूर्वी शेअरइट आणि झेंडर होते. २०२० च्या जूनमध्ये त्यांच्यावर बंदी आली, लोकांनी दुसरी सोय शोधली, फाइली फिरत राहिल्या.

आता पैसे भरणाऱ्याचे हाल बघा. यातली एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. तुमचा फोन नवा आहे, पडदा फुल एचडी आहे, वर्गणीही वरच्या दर्जाची आहे, तरी चित्र धुरकट दिसतं. नेट बघा, राउटर बघा, सगळं ठीक. मग दोष कुठे? अँड्रॉइड फोनमध्ये वाइडवाइन नावाची कुलपाची व्यवस्था असते. तिच्या मुख्य पायऱ्या दोन, एल१ आणि एल३. एल१ मध्ये कुलूप उघडण्याचं काम चिपच्या सुरक्षित भागात होतं. एल३ मध्ये ते नुसत्या सॉफ्टवेअरवर चालतं, म्हणून कंपन्यांचा त्यावर विश्वास नसतो आणि त्या चित्र साधारण ४८० पी या साध्या दर्जावर अडवतात. काही स्वस्त फोन जन्मतःच एल३ असतात. बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर, उघडला तर पुष्कळ फोनांत एल१ चा एल३ होतो. मदरबोर्ड बदलल्यावरही असं होऊ शकतं, कारण कारखान्यात भरलेली किल्ली जुन्या बोर्डाबरोबर गेलेली असते. तपासायला नेटफ्लिक्सच्या ॲपमधल्या सेटिंगमध्ये प्लेबॅक स्पेसिफिकेशन बघा, तिथे पातळी लिहिलेली असते. जुना फोन विकत घेताना हे बघायला दोन मिनिटं लागतात, आणि नंतर काही करता येत नाही.

लॅपटॉपवरून जुन्या प्रोजेक्टरला किंवा स्वस्त कन्व्हर्टर लावून टीव्हीला जोडलं की आवाज येतो आणि पडदा काळा. ते एचडीसीपीचं कुलूप. मध्ये एक जरी जोडणी त्याला न मानणारी असली की चित्र बंद. ही सगळी कुलपं चोरासाठी लावलेली. चोर एकदा फोडतो आणि पुढे १०८० पीची उघडी फाइल गावभर फिरते. कुलपाशी रोज झगडतो तो पैसे भरणारा.

चोरीच्या फाइलीलाही खोड्या असतातच. ४ जीबीच्या वरची फाइल फॅट३२ पेन ड्राइव्हवर जात नाही, १० जीबी मोकळी असली तरी. टीव्हीवर चित्र येतं आणि आवाज येत नाही, तेव्हा आवाज डीटीएस किंवा ई-एसी३ या प्रकारात असतो आणि टीव्हीकडे त्याचा परवाना नसतो. नुसता आवाज येतो आणि चित्र नाही, तेव्हा फाइल १० बिट एचईव्हीसी या नव्या पद्धतीने दाबलेली असते आणि टीव्ही जुना. सबटायटल देवनागरीत असली तर चौकोन दिसतात. लोक या खोड्या शिकून घेतात, पोरं तर तोंडपाठ सांगतात. एवढे कष्ट घेणाऱ्या माणसाला आळशी किंवा चिक्कू म्हणून सोडून देणं मला पटत नाही.

किंमत मात्र अगदीच गैरलागू नाही. नेटफ्लिक्सने २०२१ च्या डिसेंबरात मोबाईलची वर्गणी १९९ वरून १४९ केली, पण ती एका फोनपुरती, ४८० पी, टीव्हीवर चालत नाही. आपल्याकडे सिनेमा घरात बसून सगळ्यांनी बघायचा असतो. २०२३ च्या जुलैपासून त्यांनी खातं एका घरापुरतं केलं. पण घर म्हणजे काय? आईवडील तासगावला, पोरगा पुण्यात कॉट बेसिसवर, लेक कोल्हापूरला हॉस्टेलवर. आपल्या हिशेबाने हे एकच घर, कंपनीच्या हिशेबाने तीन. प्राइम व्हिडिओने २०२५ च्या जूनपासून पैसे भरणाऱ्यांनाही जाहिराती दाखवायला सुरुवात केली. मराठी सिनेमा एक इथे, दुसरा तिथे, तिसरा कुठेच नाही. एखादाच बघायचा असेल तर यूट्यूब किंवा प्राइमवर भाड्याने घेणं सगळ्यांत स्वस्त पडतं: घेतल्यापासून ३० दिवसांत सुरू करायचा, सुरू केल्यावर साधारण ४८ तासांत संपवायचा. हे ४८ तास ध्यानात ठेवा. शनिवारी रात्री अर्धा बघून पुढच्या शनिवारी उघडला तर पुन्हा पैसे पडतात.

ऑटोपेची भीती हे वर्गणी न भरण्याचं फार मोठं कारण आहे, आणि ती भीती खोटी नाही. ‘१ रुपयात ७ दिवस’ असं लिहिलेलं असतं, त्या एका रुपयाबरोबर तुम्ही यूपीआयवर पुढच्या वसुलीची परवानगीही देता. आठव्या दिवशी खात्यातून तीनशे-चारशे जातात. ॲप काढून टाकलं म्हणून ती परवानगी जात नाही. यूपीआयच्या ॲपमध्ये ऑटोपे किंवा मँडेट नावाचा भाग असतो. तिथे चालू असलेल्यांची यादी उघडा, नावावर दाबा, रद्द करा, पिन टाका. परवानगी देतानाच खाली बारीक अक्षरात ‘जास्तीत जास्त रक्कम’ लिहिलेली असते, ती वर्गणीपेक्षा किती तरी मोठी असू शकते. १५ हजारांपर्यंतच्या बहुतेक वसुलीला दर वेळी वेगळा ओटीपी लागत नाही. मात्र पैसे कापण्याच्या २४ तास आधी सूचना यायलाच हवी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो मेसेज जाहिरात समजून पुसू नका. ज्या घरात एकदा असे पैसे गेले, त्या घरातला बाप पुन्हा कुठल्याही ॲपला कार्ड लावू देत नाही. मग पोरगा टेलिग्राम शोधतो.

सांगली आणि साताऱ्यात चोरीचा सर्वांत मोठा बाजार मला सिनेमाचा वाटत नाही, तो एमपीएससीचा आहे. कुठल्याही अभ्यासिकेत जा. टेबलावर स्पायरल बाइंडिंगचे गठ्ठे दिसतील, वरच्या पानावर क्लासच्या नावावर पांढरी पट्टी मारलेली. इथे हिशेब मांडून बघण्यासारखा आहे. ४०० पानांचं पुस्तक पीडीएफवरून छापायचं, पानाला एक रुपया धरला तर ४०० रुपये, वर स्पायरलचे तीस-चाळीस. मूळ पुस्तक बहुतेक वेळा त्याच किमतीत मिळतं, कधी कमीतच. तरी झेरॉक्स का? कारण पुस्तक लगेच मिळत नाही, त्यातली दोनच प्रकरणं लागतात, आणि ‘टॉपरच्या नोट्स’ कुठल्या दुकानात विकायला नसतात.

यात पैशाहून मोठा तोटा म्हणजे जुना माल. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली. टेलिग्रामवरचे गठ्ठे बघा, निम्मे अजून बहुपर्यायी प्रश्नांचेच. राज्यघटनेच्या नोट्समध्ये २०२३ ची १०६ वी घटनादुरुस्ती, म्हणजे लोकसभा आणि विधानसभांतलं महिला आरक्षण, सापडलं नाही तर तो गठ्ठा त्याच्या आधीचा समजा आणि बाजूला ठेवा. त्याहून चीड येते ती फुकटचा माल विकणाऱ्यांची. आयोगाच्या मागच्या प्रश्नपत्रिका आणि उत्तरतालिका आयोगाच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीवर मोफत, एनसीईआरटीचीही मोफत. तीच एकत्र बांधून ‘संपूर्ण बंडल’ म्हणून विकतात आणि पोरं घेतात.

व्हिडिओ कोर्सच्या चोरीचं मूळ मात्र विकणाऱ्यांनी स्वतःच पेरलेलं आहे. कोर्स बारा महिन्यांच्या मुदतीचा असतो. परीक्षा वेळेवर झाली तर मुदत पुरते. २०२४ ची पूर्वपरीक्षा २८ एप्रिलला ठरली होती, पुढे पुढे जात ती १ डिसेंबरला झाली. ज्यांनी आदल्या वर्षी उन्हाळ्यात कोर्स घेतला त्यांची मुदत परीक्षेआधीच संपली. काहींनी मुदत वाढवून दिली, काहींनी पुन्हा पैसे मागितले. ज्याच्याकडून दोनदा मागितले तो तिसऱ्यांदा पाचजणांत मिळून एक खातं घेतो. मग व्हिडिओवर फिरणारा मोबाईल नंबर, स्क्रीन रेकॉर्ड केलं तर काळा पडदा, एका वेळी एकच फोन, असे बंदोबस्त येतात. पाचजण मग दुसऱ्या फोनने पडद्याचं शूटिंग करतात. अक्षरं वाचता येत नाहीत, आवाज घुमतो, आणि नंबर कोपऱ्यात दिसतोच, त्यामुळे ज्याचं खातं तो सापडतो. मुदत ‘परीक्षेच्या दिवसापर्यंत’ अशी लिहिली तर यातली बरीचशी चोरी आपोआप थांबेल, असं माझं मत आहे.

पुस्तकांबद्दल थोडक्यात. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, मृत्यूच्या पुढच्या १ जानेवारीपासून मोजून. हरिपूरचे गो. ब. देवल १९१६ मध्ये गेले, त्यांचं लेखन कधीच सगळ्यांचं झालं. सांगलीत जन्मलेले वि. स. खांडेकर १९७६ मध्ये गेले, म्हणजे २०३६ संपेपर्यंत त्यांच्या पुस्तकाचा स्कॅन वाटणं हक्कभंगच. अनुवादाचा हक्क अनुवादकाचा वेगळा, तो वेगळा मोजायचा. मरणोत्तर छापलेलं असेल तर ६० वर्षं छापल्यापासून. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची शेकडो पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर मोफत उतरवता येतात, हे अजून कितीजणांना माहीत आहे कोण जाणे. आणि कागदच हवा असेल तर शेजारच्या जिल्ह्यात भिलार आहे, २०१७ पासूनचं पुस्तकांचं गाव. बसा, वाचा, कुणी काही मागत नाही.

विकत घेतलेल्या ई-पुस्तकाचीही तीच गत आहे. किंडलवर २०१६ च्या अखेरीस मराठी आलं, चांगली गोष्ट झाली. पण २०२५ च्या फेब्रुवारीत ॲमेझॉनने पुस्तक संगणकावर उतरवून यूएसबीने नेण्याची सोय काढून घेतली. पैसे तुमचे, कपाट त्यांचं. छापील पुस्तक वाचून झालं की मावशीकडे जातं, तिथून तिच्या सुनेकडे. हे ई-पुस्तक कुठेही जात नाही.

कायदा ढिला आहे असं कुणी समजू नये. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड आहे. थिएटरात कॅमेरा धरणाऱ्यासाठी सिनेमॅटोग्राफ कायद्यात २०२३ मध्ये नवी कलमं आली: तीन महिने ते तीन वर्षं, आणि दंड ३ लाखांपासून थेट निर्मिती खर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंत. महाराष्ट्रात तर झोपडपट्टी दादा आणि हातभट्टीवाल्यांना स्थानबद्ध करण्याच्या एमपीडीए कायद्यात २००९ पासून व्हिडिओ पायरेटही बसवलेत. भीती आहे, पण ज्याला माल मिळतच नाही त्याला भीतीने माल मिळत नाही.

खरी भीती दुसरीकडे आहे. ‘सगळे ओटीटी फुकट’ म्हणून व्हॉट्सॲपवर जी एपीके, म्हणजे ॲपची फाइल, येते, ती टाकताना काय मागते ते वाचा. सिनेमा दाखवणाऱ्या ॲपला एसएमएस वाचायची गरज नाही. ॲक्सेसिबिलिटीची तर अजिबात नाही, कारण तिच्यामुळे ते तुमच्या पडद्यावरचं सगळं वाचू शकतं आणि तुमच्या वतीने बटणंही दाबू शकतं. दोन्ही दिलं की ओटीपी त्यांच्या हातात. चुकून टाकलंच तर आधी फोन विमान मोडवर टाका, दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवा, मग ॲप काढा. आधी ॲप काढण्याच्या खटपटीत वेळ घालवलात तर तेवढ्यात पैसे जातात.

आणि घरात माळ्यावर रीतसर घेतलेल्या जुन्या कॅसेट असतील तर त्या पेन ड्राइव्हवर आणायला दुकान लागत नाही. टेपच्या हेडफोनच्या भोकातून ३.५ मिमीची केबल लॅपटॉपच्या लाइन-इनला लावा. लॅपटॉपला एकच भोक असेल तर स्टिरिओ लाइन-इन असलेलं यूएसबी साउंड कार्ड लागतं, नाहीतर आवाज एका कानाचाच भरतो. आधी टेपचं हेड स्पिरिट लावलेल्या कापसाने पुसा आणि कॅसेट एकदा टोकापर्यंत पुढे-मागे फिरवून घ्या, म्हणजे चिकटलेले थर सुटतात. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर उघडा, ४४.१ किलोहर्ट्झ ठेवा, सगळ्यात मोठ्या आवाजाला काटा उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील इतपत आवाज ठेवा. काटा शून्याला टेकला तर आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही. ९० मिनिटांच्या कॅसेटला ९० मिनिटंच लागतात, घाई चालत नाही. एमपी३ १९२ मध्ये काढा, नावापुढे ००१, ००२ असे आकडे घाला, आणि ३२ जीबीच्या फॅट३२ पेन ड्राइव्हवर एकेक करून, वाजवायच्या क्रमाने टाका.